कागदाला लाल दिसत नाही

दृक्-विच्छेद प्रयोगशाळेच्या प्रतीक्षागृहात खुर्च्या एकमेकींना चिकटून मांडल्या होत्या. श्रीपतराव इंगवल्यांनी आल्या आल्या त्यातली एक उचलली, फरशीवर खरडत पार खिडकीपर्यंत ओढत नेली आणि बाहेरच्या सौरछतांकडे तोंड करून बसले. खुर्चीचा तो कर्कश आवाज शालनच्या कानात जावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. तो गेलाही.

"अजून जरा सरकवा की दाजी," शालन म्हणाली. "कर्नाटकात पोचंल."

श्रीपतरावांनी मान वळवली नाही. मेहुणीशी त्यांनी बोलणं टाकलं होतं ते मालन गेली त्या वर्षी. मालन म्हणजे त्यांची बायको, शालनची थोरली बहीण. तिच्या तेराव्याला माणसांनी भरलेल्या घरात शालन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "दाजी, तुम्ही माझ्या बहिणीकडं जन्मात कधी बघितलंच न्हाई." पाहुण्यांचे घास हातातच राहिले होते. त्या दिवसापासून हे वाक्य श्रीपतरावांच्या घशात काट्यासारखं अडकून होतं, आणि त्याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. ते उत्तर म्हणजे 'लख्ख'.

'लख्ख' हे छायाचित्र पाहिलं नाही असा माणूस सापडणं कठीण. शाळेच्या पुस्तकात ते होतं, टपाल तिकिटावर होतं. खिडकीपाशी मालन बसली आहे, मांडीवर तांब्याची घागर, हातात चिंचेचा गोळा. घासता घासता तिनं मान वर केली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला आहे की बघणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यावा. श्रीपतरावांनी हा फोटो मंगळवार पेठेतल्या आपल्या स्टुडिओत, वडिलांच्या लाकडी कॅमेऱ्यावर काढला होता. काळापांढराच. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तो रंगवायला शालनकडे गेला. कोल्हापुरातल्या स्टुडिओंतून तेव्हा अजून हातानं फोटो रंगवून देत असत, आणि शालन सरनोबतसारखा हात दुसरा नव्हता. तिनं लुगड्याला हिरवा दिला, घागरीला तांबूस, गालांवर कळेल न कळेल असा गुलाबी. जगभर फिरला तो हा रंगवलेला फोटो. नाव मात्र एकाचंच लागलं. मुलाखत घ्यायला आलेल्याला श्रीपतरावांनी सांगितलं होतं, "रंग काय, कुणीही फासतं."

आता 'लख्ख' नव्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात कायमचं लागणार होतं. खाली नाव कुणाचं, हा प्रश्न निघाला आणि शालननं अर्ज केला. रंग माझे आहेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईनं हे उकरून काढावं, याचा श्रीपतरावांना इतका संताप आला की त्यांनी तोंडी तडजोडीचं बोलणंसुद्धा धुडकावलं. म्हणाले, यंत्रालाच विचारा.

यंत्राला विचारायची सोय आता कायद्यानंच झाली होती. माणसं आणि यंत्रं मिळून चित्रं करू लागल्यापासून 'हे कुणी केलं' या भांडणांनी न्यायालयं तुंबली होती. शेवटी कर्तृत्वविभाजनाचा कायदा आला आणि वाटणीचं काम प्रयोगशाळांकडे गेलं. त्यांचा आकडा अखेरचा, त्यावर अपील नाही.

डॉ. मैथिली दाभाडे यांनी दोघांना आत बोलावलं. चाळिशीतली, तुटक बोलणारी बाई. चहा विचारला नाही, तब्येत विचारली नाही. श्रीपतरावांना ती लगेच आवडली.

"हा वर्णविच्छेदक," खोलीच्या मधोमध असलेल्या पांढऱ्या मेजाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "याच्यावर चित्र ठेवलं की त्यातला कण न् कण तपासला जातो. ज्या कणात रंग आहे, तो त्याच्या गडद-फिकेपणासकट एका बाजूला जातो. त्याला आम्ही वर्णपट म्हणतो. ज्यात रंग नाही, नुसता काळेपणा आहे, तो दुसऱ्या बाजूला. तो तेजपट. मधे काही शिल्लक राहत नाही."

"आणि किंमत कोण ठरवतं?" शालननं विचारलं.

"बघणाऱ्यांचे मेंदू. शंभर माणसं वरच्या दालनात बसली आहेत. त्यांच्या डोक्यावर दृक्-टोप्या आहेत. त्यांना दोन्ही पट वेगवेगळे दाखवायचे आणि कुठल्या पटानं मेंदूतलं किती काम केलं ते मोजायचं."

"काम म्हणजे?"

"पाहण्याचं काम. मेंदूत त्याचे दोन रस्ते आहेत, बाई. एक फार जुना. त्याला रंग कळतच नाहीत. उजेड कुठं आणि अंधार कुठं, एवढंच कळतं; पण आकार, खोली, हालचाल हे सगळं बहुतेक त्याच्याच जिवावर चालतं. दुसरा रस्ता मागाहून आला. त्याला रंग कळतो, पण त्याची नजर जरा भोंगळ आहे. कडा त्याला धड दिसत नाहीत."

श्रीपतरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मी आयुष्यभर जे बोंबलून सांगतोय तेच! अहो, उजेड-सावली नेमकी ठेवा आणि घोडा निळा रंगवा. घोडाच दिसेल. घोड्याचा रंग हुबेहूब द्या आणि उजेड-सावली चुकवा, नुसता चिखल दिसेल. चित्राचा सांगाडा उजेडाचा असतो. म्हणून तर आम्ही असं बघतो." आणि त्यांनी डोळे किलकिले करून दाखवले. ही त्यांची जुनी सवय. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग विझतात आणि समोरच्या दृश्यात कुठं लख्ख आहे, कुठं काळं आहे तेवढंच उरतं. वयात आल्यापासून त्यांनी जगाकडे बहुतेक असंच पाहिलं होतं.

"आणि आंब्याची पाटी हो?" शालन म्हणाली. "तुमच्या त्या सांगाड्यात पिकलेला कुठला आणि कच्चा कुठला, दाखवा की मला."

"त्यासाठीच तो दुसरा रस्ता आला असं आम्ही मानतो," डॉ. दाभाडे म्हणाल्या. "झाडावरचं पिकलेलं फळ ओळखायला, आणि माणसाच्या तोंडावर चढलेलं रक्त ओळखायला."

"दाजींच्या चढलंय बघा."

"शालन, तू गप्प बस!" बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाच्या तोंडून कित्येक वर्षांनी तिच्यासाठी निघालेले हे पहिले शब्द. शालनला त्याचा फारच आनंद झालेला दिसला.

रंगवलेला मूळ फोटो मेजावर ठेवला गेला. मेजातून एक मंद गुणगुण निघाली आणि समोरच्या भिंतीवर दोन चौकटी उजळल्या. डावीकडे तेजपट आला. हिरवा गेला, तांबूस गेला, पण मालन जागच्या जागी होती. खिडकी होती, घागरीवरचा पोचा होता, वर केलेल्या चेहऱ्यावर तोच उजेड होता. उजवीकडे वर्णपट आला. तिथं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखं काहीतरी होतं. एक हिरवट ढग, एक तांबडा ढग, मधे थोडं गुलाबी. माणूस आहे की झाड, काही सांगता आलं नसतं.

"कडेबाहेर गेलाय बघा रंग," श्रीपतराव पुढे वाकून म्हणाले. "घागरीचा रंग बोटांवर सांडलाय."

"तेवढा चालतो," डॉ. दाभाडे म्हणाल्या. "तेजपटानं कड आखून दिली की रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी मेंदू सांभाळून घेतो. जुन्या काळच्या रंगीत दूरचित्रवाणीनंही हीच चलाखी केली होती. बारीक चित्र काळंपांढरं पाठवायचं, रंग ढोबळ."

"ढोबळ!" श्रीपतरावांनी तो शब्द तोंडात घोळवला.

थोड्या वेळानं वरच्या दालनातला आकडा आला. तेजपट शंभरात एक्क्याण्णव, वर्णपट नऊ.

 शालननं पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला. नऊ तर नऊ, असा तिचा चेहरा होता. नावाच्या पट्टीवर 'रंग : शालन सरनोबत' अशी बारीक ओळ यायला नऊ पुरेसे होते. कायद्यात तसं स्पष्ट होतं.

आणि इथंच थांबले असते तर श्रीपतराव जिंकून घरी गेले असते. पण त्यांना ती बारीक ओळ सहन होईना. त्यांचा स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. चष्म्यातून फोटो काढणाऱ्या पोरांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.  शिल्लक होता तो मालनच्या चेहऱ्यावरचा उजेड. ज्यानं आपल्या बायकोवर असा उजेड टाकला, त्यानं तिच्याकडे कधी पाहिलंच नाही असं कोण म्हणू धजेल? आणि जिनं ते भर पंगतीत म्हटलं, तिचं नाव त्याच चित्राखाली? छे, एक अक्षरसुद्धा नको होतं त्यांना.

"डॉक्टर," ते म्हणाले, "कायद्यात 'मूळ कृती' असा शब्द आहे. हा कागद मूळ नव्हे. मूळ ते निगेटिव्ह. माझ्याकडे आहे."

त्यांनी पिशवीतून एक पत्र्याची चपटी डबी काढली. आत काळ्या कागदाचं पाकीट होतं.

"दाजी," शालन एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ते राहू दे. एक्क्याण्णव घ्या आणि घरी जावा. मी नवावर खूश आहे."

"का? घाबरलीस?"

"मी सांगतो तुम्हाला, ते बाहेर काढू नका." कोल्हापुरी बायकांच्या वळणाप्रमाणे शालन स्वतःविषयी पुरुषासारखंच बोलायची. "माझ्यासाठी न्हाई म्हणत. थांबा इथंच."

श्रीपतरावांना हसू फुटलं. भीती वाटणारी शालन त्यांनी कधी पाहिली नव्हती. हे दृश्य त्यांना फार गोड वाटलं.

डॉ. दाभाडे पाकीट उघडणार एवढ्यात श्रीपतरावांनी हात आडवा धरला. "जपून. हे मी आजवर लाल दिव्याशिवाय दुसऱ्या उजेडात काढलेलं नाही."

"धुऊन पक्कं केलेल्या निगेटिव्हला उजेडाची भीती नसते ना?"

"नसते. पण आमच्या वडिलांचा दंडक होता. धुळीनं पडलेले ठिपके बुजवून आलं की निगेटिव्ह काळ्या पाकिटात, आणि पाकीट उघडायचं ते अंधाऱ्या खोलीतच. मी तो कधी मोडला नाही. आमची छपाईची पेटी होती. पेटीत एक लाल दिवा आणि एक पांढरा. वरच्या काचेवर लाल दिव्यात निगेटिव्ह ठेवायचं, त्यावर कागद ठेवायचा, झाकण लावलं की पांढरा आपोआप लागतो. झाकण काढलं की पुन्हा लाल."

"लालच का?"

एखाद्या शिकलेल्या बाईला काही समजावून सांगायची संधी श्रीपतराव सोडणारे नव्हते. "कारण छपाईच्या कागदाला लाल दिसत नाही. त्याला निळं दिसतं, जांभळं दिसतं. लाल उजेड म्हणजे त्याच्या लेखी मिट्ट काळोख. तुम्ही लाल दिव्याखाली तासभर त्याच्यासमोर नाचा, तो आपला पांढरा स्वच्छ राहील. आणि लाल दिव्यात माझी नजर तुमच्या यंत्राच्या वरताण चालते. निगेटिव्ह म्हणजे सगळं उलटं. काळं ते उजळ, पारदर्शक ते काळं. लोकांना ते कळत नाही. मी पुस्तकासारखं वाचतो."

"ठीक. पण नियम ऐकून घ्या," डॉ. दाभाडे म्हणाल्या. "मूळ कृती तपासली की पहिला आकडा रद्द. दुसरा अखेरचा. शिवाय मूळ कृतीचे दोन्ही पट संग्रहालयात शेजारी शेजारी लावावे लागतात. ज्याचा पट त्याच्या नावाखाली. हे बंधनकारक आहे."

"लावा की!" श्रीपतराव म्हणाले. "माझा पट माझ्या नावाखाली लावा आणि हिचा कोरा कागद हिच्या. लोकांना बघू दे. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हात वर्णपट असणार कुठला?"

त्यांनी मेजाच्या कडेवर अंगठा टेकवून संमती दिली. शालननंही दिली. तिचं तोंड आता कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

डॉ. दाभाड्यांनी पाकिटातून निगेटिव्ह काढलं आणि पांढऱ्या शुभ्र मेजावर ठेवलं. मग त्या वाकल्या.

"हे काय आहे?"

श्रीपतराव उठून पुढे गेले. राखी, काळपट फिल्मवर मधोमध, अंगठ्याएवढ्या जागेत, लाल रंग होता. कुठे डाळिंबी, कुठे पुसट गुलाबी. "बुरशी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत धरते बुरशी." पण बुरशीला नाक नसतं, आणि कपाळही नसतं, हे त्यांना तेव्हाही दिसत होतं.

यंत्र गुणगुणलं. निगेटिव्ह असल्यामुळे त्यानं दोन्ही पट उलटवून सुलटे केले आणि भिंतीवर टाकले.

डावीकडच्या तेजपटात खिडकी अप्रतिम होती. तिच्या गजांवरचा गंजसुद्धा मोजता आला असता. घागरीचा फुगवटा, त्यावरचा पोचा, पोच्यात अडकलेलं छोटंसं ऊन, चिंचेनं ओले झालेले हात, लुगड्याच्या निऱ्या, सगळं नेमकं होतं. आणि खांद्यांच्या वर, पदराच्या चौकटीत, काळं भोक होतं. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही.

उजवीकडच्या वर्णपटात बाकी काहीच नव्हतं, फक्त मालनचा चेहरा होता. पूर्ण चेहरा, गालाच्या उंचवट्यावरच्या आणि ओठाखालच्या सावलीसकट, वर बघणारा. ज्या चेहऱ्यासाठी जग त्या फोटोसमोर थांबत होतं, तो.



"आलं लक्षात," डॉ. दाभाडे हळूच म्हणाल्या. कोडं सुटल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. "तुम्हीच तर सांगितलंत. कागदाला लाल म्हणजे काळोख. मूळ निगेटिव्हात चेहऱ्याची जागा पारदर्शक राहिली होती, म्हणजे छापल्यावर ती काळी आली असती. कुणीतरी तिथं लाल रंग भरला. जिथं जाड भरला तिथं कागदाला काळोख मिळाला आणि तो पांढरा राहिला. जिथं पातळ, तिथं राखी. रंगानं उजेड काढलाय हा. कागदावर उतरला तेव्हा त्यातला रंग गेला आणि नुसतं तेज उरलं. म्हणून पहिल्या तपासणीत आमच्या यंत्रानं तो तुमच्या खात्यावर टाकला."

"खोटं आहे हे!" श्रीपतराव ओरडले. "हिनं मागाहून केलंय. निगेटिव्ह माझ्या कपाटात होतं... हिनं कधीतरी..."

"तुमच्या कपाटाची किल्ली तुमच्या कडदोऱ्याला बांधल्याली असायची दाजी," शालन म्हणाली. "मला कुठली गावणार?"

"मग केव्हा?"

"तुम्ही ठिपके बुजवायला दिलंत तेव्हा. सुईच्या टोकाएवढे ठिपके, एवढंच काम होतं माझं. दारात उन्हात बसून बघायला गेलो तर बहिणीचं तोंडच न्हाई. काचेसारखं स्वच्छ. खिडकीचा उजेड मोजलात तुम्ही, घागरीचा मोजलात. तिच्या तोंडाचा मोजलाच न्हाई. सगळा उजेड तिच्या पाठीमागनं होता आणि ती सावलीत बसली होती, हे तुम्हाला दिसलं न्हाई. एवढ्या जवळनं दिसलं न्हाई!"

श्रीपतरावांनी भिंतीवरच्या भोकाकडे पाठ फिरवली. शालन बोलतच राहिली.

"मी तसंच उठून तुमच्याकडं निघालो होतो. म्हटलं, टाकतो तुमच्या पुढ्यात. मालन माझ्याकडंच आली होती, तिनं दारात अडवलं. म्हणाली, त्यांना सांगू नको शालन, पहिल्यांदाच एवढ्या हौसेनं माझा फोटो काढलाय, त्यांचा हात मोडल्यासारखा होईल. तूच भर, म्हणाली. मी समोर बसते, बघून भर." शालनचा आवाज कापला, पण रागानं. "चार दुपारी बसली ती माझ्यासमोर. भिंगाखाली बारीक कुंचल्यानं लाल रंगाचे थरावर थर दिले मी. आणि ती वर बघतीया नव्हं त्यात, ती तुमच्या कॅमेऱ्याकडं बघत न्हाई. माझ्याकडं बघतीया."

"आणि इतकी वर्षं तू..."

"तिला शब्द दिला होता. तुम्हाला वाचवायला गप्प बसलो असं मनातसुद्धा आणू नका. बक्षिसं घेतलीत, तिकिटावर छापून आलात, मला रंग फासणारी म्हणालात. बोटं शिवशिवायची माझी. तरी अर्ज केला तो नुसत्या वरच्या रंगांचा केला. आत्तासुद्धा थांबा म्हटलं की न्हाई? तुम्हाला एक्क्याण्णव पुरले न्हाईत. तिनं झाकलं ते तुम्ही स्वतःच्या हातानं उघडं केलंत, आता निस्तरा."

वरच्या दालनातून आकडा आला. माणसाचा मेंदू कुठल्याही चित्रात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चेहऱ्याकडे धावतो, त्यामुळे त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. वर्णपट शंभरात त्र्याहत्तर. तेजपट सत्तावीस. डॉ. दाभाड्यांनी तो मोठ्यानं वाचला, कारण तसा नियम होता. मग हेही वाचलं की दोन्ही पट संग्रहालयाकडे रवाना झाले आहेत. शालन सरनोबत यांच्या नावाखाली चेहरा लागेल. श्रीपतराव इंगवले यांच्या नावाखाली खिडकी, घागर, हात, आणि वर ते भोक.

"मला ते नको," श्रीपतराव म्हणाले. "माझं नाव काढून टाका."

"काढता येणार नाही. तुम्ही संमती दिली आहे."

शालन उठली. पर्स काखेत मारली. तिच्या चालण्यात जिंकलेल्या माणसाची ऐट नव्हती, पण दयासुद्धा तिनं दाखवली नाही. दाराशी ती पोचली, एवढ्यात डॉ. दाभाडे म्हणाल्या, "इंगवलेसाहेब, एक गोष्ट मला कळत नाही."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. गणितात एक पायरी सुटल्यावर माणूस विचारतो, तसं त्यांनी विचारलं.

"लाल दिव्यात लाल रंग दिसत नाही. कोऱ्या फिल्ममधून जावा तसा तो उजेड त्याच्यातून आरपार जातो. म्हणजे तुमच्या अंधाऱ्या खोलीत हा चेहरा तुम्हाला कधीच दिसला नसणार. निगेटिव्ह तुम्ही पुस्तकासारखं वाचता म्हणालात. मग इतक्या वेळा छापताना त्या जागी तुम्ही काय वाचत होता?"

 शालन दारातच थबकली होती. तिलाही हा प्रश्न इतक्या वर्षांत सुचलेला नव्हता, हे तिच्या वळलेल्या मानेवरून कळत होतं.

"दिवा," श्रीपतराव शेवटी म्हणाले. "लाल दिवा लागेल का इथं?"

डॉ. दाभाड्यांनी भिंतीवर हात फिरवला. छतावरचा पांढरा उजेड विझला, मेजातला विझला आणि सगळी खोली लाल झाली. ती अंधारी खोली, ती पेटी, त्या रसायनांचा आंबूस वास, सगळं श्रीपतरावांच्या अंगावर आलं. हात नेहमीच्या सवयीनं पुढे झाले. त्यांनी निगेटिव्ह कडांना धरून उचललं, उजेडापुढे धरलं आणि डोळे किलकिले केले.

खिडकी दिसली. त्यांची नजर नेहमीसारखी आधी गजांवर गेली, कडा धारदार आहेत ना ते बघायला. मग घागरीवर उतरली. पोचा बघितला, पोच्यातलं ऊन बघितलं, तिथं बराच वेळ थांबली, कारण ते ऊन साधायला त्यांना सकाळभर खपावं लागलं होतं. मग निऱ्या आल्या. मग नजर आपण होऊन परत खिडकीकडे निघाली. प्रत्येक वेळी ती याच वाटेनं जात होती.

यावेळी त्यांनी ती जबरदस्तीनं अडवली आणि वर नेली. पदराच्या आत फिल्म कोरी होती. नितळ, पारदर्शक. ती आज कोरी झाली नव्हती. पहिल्या छपाईच्या दिवशी कोरी होती, बक्षिसाच्या प्रती काढल्या तेव्हा कोरी होती, मालन आजारी पडली त्या महिन्यात त्यांनी हौसेनं आणखी एक प्रत काढली, तेव्हाही कोरीच होती. त्यांच्या डोळ्यांपुढे, हातभर अंतरावर. एकदाही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं की इथं कुणीच नाही.

"काय दिसतंय, दाजी?" शालननं दारातून विचारलं.

श्रीपतरावांनी निगेटिव्ह खाली ठेवलं. मालनचा चेहरा आठवायला म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तो लगेच आठवला. गालावरचा उजेड, ओठाखालची सावली, किंचित वर केलेली मान. शालननं काढलेला होता तो. दुसरा त्यांना कुठलाच आठवेना.